चोर नसताना वाजलेला कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे, बैलाच्या शिंगाचा. हसू नका! आज गोठ्यात खुंटीला लटकलोय, अंगाला काढ्याचा वास मारतोय, हे कबूल. पण एके काळी माझ्या एका आवाजावर सारा मुलूख काठ्या घेऊन रस्त्यावर उतरला होता, आणि खुद्द शेरीफचा, म्हणजे राजाच्या मुलकी अधिकाऱ्याचा, जल्लाद हातातलं काम टाकून पळत सुटला होता. खोटं वाटतं? मग ऐकाच.

मी वाढलो ॲल्डरफर्ड गावच्या एका तांबड्या बैलाच्या डोक्यावर. बैल म्हातारा होऊन गेला आणि मला शिंगं घडवणाऱ्याकडे दिलं. त्यानं मला उकळत्या पाण्यात बुडवलं, आतला गाभा ओढून काढला, टोक कापलं, भोक पाडलं, वर वाळूनं घासघासून काढलं. जीव नकोसा झाला हो! पण मग त्यानं तोंड लावून पहिली फुंकर मारली, आणि माझ्यातून असा आवाज निघाला की अंगणातल्या कोंबड्या छपरावर जाऊन बसल्या. त्या दिवशी मला कळलं, आपण काही साधंसुधं हाड नव्हे!

मला ऑस्बर्नच्या गळ्यात बांधलं. ऑस्बर्न छप्परं शाकारायचा आणि शेजारच्या दहा घरांच्या वागण्याबद्दल राजापुढे जामीनही होता. राजाचा कायदा असा होता, की चोरी किंवा खून झाला की पाहणाऱ्यानं बोंब ठोकायची आणि कर्णा फुंकायचा. मग नांगर धरलेल्यानं नांगर सोडायचा, जेवणाऱ्यानं ताट सोडायचं आणि सगळ्यांनी चोरामागे शिवेपर्यंत धावायचं. तिथून पुढे ती हाकाटी पुढच्या गावाची. जे गाव धावलं नाही, त्याला दंड. आणि चोर नसताना ज्यानं कर्णा फुंकला, त्यालाही दंड!

राजा कुठेतरी लांब लढाईवर असायचा. पण त्याचे न्यायाधीश काही वर्षांनी फिरत फिरत यायचे आणि जुनी मढी उकरायचे. एकदा थॉर्पली गावचे लोक हाकाटी ऐकूनही वाटाण्याची आमटी ओरपत बसले. न्यायाधीशांनी अख्ख्या गावाला दंड ठोकून असं सोललं की त्यानंतर आमच्या भागात कर्णा वाजला की आंधळेपांगळेसुद्धा उठून उभे राहायचे.

काय दिवस होते ते! मेंढ्या चोरणारे पकडले, दुधाची गाय पळवणारा पकडला. चारचौघांत ऑस्बर्न मला थोपटून म्हणायचा, "याच्यासारखा आवाज बिशपच्या घंटेलाही नाही!" मी आपला फुगून जायचो.

आणि मग ते वर्ष आलं. गावचा लोहार थर्स्टन याच्यावर एका दारुड्यानं सुरा घेऊन झडप घातली. थर्स्टनच्या हातात हातोडा होता, तो त्यानं मारला. दारुडा जागच्या जागी गेला. जीव वाचवायला मारलं, हे साऱ्या गावानं शपथेवर सांगितलं. पण अशा वेळी माणूस सोडायचा अधिकार एकट्या राजाचा. न्यायाधीश म्हणाले, "सेंट ल्यूकच्या सणाच्या दिवशी दुपारची घंटा होईपर्यंत राजाची माफी आली तर ठीक, नाहीतर फाशी." थर्स्टन किल्ल्याच्या तुरुंगात गेला. त्याची बहीण हाविस, बिअर गाळून विकणारी, तिनं पदरमोड करून राजाकडे अर्ज पाठवला आणि रोज रस्त्याकडे डोळे लावून बसली.

सेंट ल्यूकचा दिवस उजाडला, तरी माफी आली नाही.

त्या सकाळी ऑस्बर्न एका घराच्या छपरावर पेंढा बसवत होता. बघतो तर काय, चिखलानं माखलेला एक माणूस ऑस्बर्नची घोडी चरत होती त्या गवताळ पट्ट्यात शिरला, तिच्यावर टांग टाकली आणि निघाला उधळत!

"माझी घोडी! अरे माझी घोडी!" ऑस्बर्न छपरावरून जवळजवळ पडलाच. त्यानं मला तोंडाला लावलं आणि गालफडं फाटेस्तोवर फुंकलं.

मित्रांनो, आठवलं तरी अजून अंगावर काटा येतो! शेतांतून, पाणचक्कीतून, परसांतून माणसं भसाभसा बाहेर पडली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कोयता, पाद्रीबाबांच्या हातात मेणबत्तीचा खांब! हाविस बिअर ढवळायचं लांब लाकडी वल्हं घेऊन सगळ्यांच्या पुढे. भाऊ मरणाच्या दारात होता, तो सगळा संताप तिच्या पायांत उतरला होता. ओढ्याच्या उतारावर घोडी पाण्याला बुजून थबकली, आणि हाविसनं ते वल्हं दणकन हाणलं. माणूस धोंड्यांवर आपटला, पाय मोडला. घोडी बिथरून जी रानात पळाली, ती दिसेनाशीच झाली.

"थांबा! राजाचं काम आहे!" तो ओरडला.

"असं होय!" ऑस्बर्न म्हणाला. "आणि मी बिशपचा जावई!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात पाद्रीबाबांनी त्याच्या छातीवरचा चिखल पुसला. खाली राजाच्या चिन्हातले सिंह! तो राजाचे हुकूम पोचवणारा जासूद होता, ड्रोगो नावाचा. राजाच्या जासुदाला वाटेत कुणाचाही घोडा घेता येतो. त्याचा स्वतःचा घोडा लंगडा होऊन गावाबाहेर उभा होता, आणि विचारायला घोडीजवळ कुणी दिसलं नाही म्हणून त्यानं घोडी घेतली होती.

"घोडा लंगडा, घोडी पळाली, पाय मोडला," ड्रोगो कण्हत म्हणाला, "आणि तिकडे दुपारी तो लोहार मरणार. चांगलं केलंत, गाढवांनो!"

हाविसच्या हातातलं वल्हं खाली पडलं. "कोणता लोहार?"

"थर्स्टन का कोण. त्याची माफी आहे या थैलीत."

थैलीतून हिरव्या मेणाची मोहोर डोकावत होती, सिंहासनावर बसलेल्या राजाची. जिची वाट बघत ती झुरली, ती माफी तिच्याच वल्ह्यानं ओढ्यात पाडली होती! किल्ल्यापर्यंत मध्ये तीन गावं. घोडी पळालेली, घोडा लंगडा, बाकी गावात नुसते बैल. धावून पोचणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

हाविस मटकन खाली बसली. आणि दुसऱ्याच क्षणी उठली.

"ऑस्बर्नकाका, कर्णा दे."

"कशाला गं?"

"हाकाटी माझ्या आधी पोचते. एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवर नुसती उडत जाते. ती थेट किल्ल्यापर्यंत पोचली, तर फासाची दोरी ओढायला तरी कोण थांबेल?"

ऑस्बर्नचा चेहरा पडला. "पोरी, चोर कुठाय? खोटी हाकाटी झाली की! दंड होईल. अन् कर्णा माझ्या गळ्यातला, मान माझी अडकेल."

"माझ्या भावाची मान आत्ता अडकलीय!"

आणि तिनं हिसका देऊन मला ओढलं. दोरीच तुटली! बाई, काय ते फुप्फुस! इतकं जीव ओतून मला त्याआधी कुणीच फुंकलं नव्हतं. मीही सारं बळ लावलं. मनात म्हटलं, राजाचा कायदा मोडतोय खरा, पण राजाचाच हुकूम पोचवतोय ना!

टेकडीपलीकडून थॉर्पलीच्या कर्ण्यानं उत्तर दिलं. दंडाची आठवण ताजी होती, ते तर आमच्याहून जोरात पळाले! मग त्यांच्यापुढचं गाव, मग त्याच्यापुढचं. आवाज पुढे पुढे चालला, आणि मागून हाविस धावत होती, गळ्यात थैली, हातात मी. थॉर्पलीत तिनं श्वास घ्यायला थांबत ओरडून विचारलं, "घोडा आहे का कुणाचा?"

"घे माझा!" पाणचक्कीवाला म्हणाला. "पण चोर दिसतो कसा?"

"पुढे आहे!" ती म्हणाली आणि टाच मारली.

दुपारची घंटा वाजली तेव्हा आम्ही अजून रस्त्यातच होतो. हाविस मोठ्यानं रडत होती, पण लगाम सोडत नव्हती. माझ्यात तर फुंकरही उरली नव्हती. फाशीच्या माळावर आलो, तर माळ ओस! शेरीफचे शिपाई नाहीत, बघे नाहीत, जल्लादही नाही. सगळेच्या सगळे पश्चिमेच्या वेशीकडे चोर पकडायला धावले होते. शेरीफचा कारभारीच म्हणे ओरडला होता, "एकही जण मागे राहिला तर दंड माझ्या डोक्यावर बसेल!"

शिडीवर एकटा थर्स्टन उभा होता. हात मागे बांधलेले, गळ्यात दोर, पायाखाली एक पायरी.

"हाविस," तो म्हणाला, "हे लोक गेले तरी कुठे? मला खाली घे गं. मान अवघडलीय."

ती शिडीवर चढली, त्याच्या गळ्यातला दोर काढला आणि त्याच्या गळ्याला मिठी मारून हसतच सुटली, रडतच सुटली. मी तिच्या कमरेला लोंबकळत होतो. मित्रांनो, मला डोळे असते तर त्या दिवशी मीही रडलो असतो. थोड्या वेळानं जल्लाद धापा टाकत परतला, कारभारी आला, मोहोर बघितली, आणि चोर सापडला नाही म्हणून दोघंही चरफडत बसले.

पण राजाचं राज्य विसरत नाही. काही वर्षांनी न्यायाधीश पुन्हा आले. जासुदाला घोडीवरून पाडलं हे चुकून झालं, म्हणून त्यांनी ते सौम्यपणे घेतलं. मग विचारलं, "चोर नाही हे ठाऊक असताना ओढ्यावर कर्णा कुणी फुंकला?"

हाविस उठायच्या आत ऑस्बर्न उभा राहिला. "मी, सरकार."

"खोटं बोलतोय हा!" हाविस कडाडली. "याच्या फुंकरीनं चूलसुद्धा पेटत नाही! मी फुंकला!"

"तू गप गं! कर्णा माझा आहे!"

"तुझा आहे म्हणून काय झालं, हिसकावून घेतला ना मी!"

सगळी सभा हसायला लागली. न्यायाधीशही क्षणभर हसले आणि दोघांनाही दंड ठोकून मोकळे झाले. मग ते गंभीर झाले. "माणूस वाचला, चांगलं झालं. पण खोटं बोललेला कर्णा गावाच्या गळ्यात राहता कामा नये. याचं फुंकायचं तोंड कापा. गावच्या लोहाराला बोलवा."

गावचा लोहार म्हणजे थर्स्टन.

तो करवत घेऊन आला. मला मांडीवर धरलं. "सरकार, दुसरं काहीही सांगा," तो म्हणाला. न्यायाधीशांनी नकारार्थी मान हलवली. करवत चालू लागली, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून माझ्यावर टपटप पाणी पडत होतं. मला दुखलं, खोटं कशाला सांगू? पण ज्या हातांत करवत होती ते हात ऊबदार होते, मित्रांनो, जिवंत होते. माझा आवाज गेला तो त्याच हातांत.

आता माझ्या रुंद तोंडात काढा ओतून तो आजारी वासरांना पाजतात. तुमच्याकडे असा एखादा जुना कर्णा धूळ खात पडला असेल तर तो पुसून ठेवा, त्यात कोळ्याला जाळं करू देऊ नका. आणि कुणाची हाक आली तर ताट सोडून उठा. फक्त एवढं करा, हातातलं वल्हं हाणायच्या आधी समोरच्याला एकदा नाव विचारा.