जाळीला वाकवणारा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, टेनिसच्या जाळीचा. जाळीच्या बरोबर मध्यावर वरून खाली उतरणारी ती पांढरी पट्टी तुम्ही पाहिली असेल. तोच मी. आता मला पांढरा म्हणायचं ते केवळ वयाचा मान राखायला.

माझा जन्म एका तंबू शिवणाऱ्या कारागिराच्या हातून झाला. जाड सुती कापडाच्या एकाच गुंडाळीतून आम्ही तीन भाऊ कापले गेलो. थोरला सर्कशीत हत्तीच्या पोटाला बांधला गेला. हत्ती शिंकला तरी तो तुटत नसे; शेवटी हत्तीनेच शिंकणं सोडलं, असं ऐकून आहे. धाकटा शाळेच्या दप्तराला लागला आणि चार दिवसांत पाढे म्हणू लागला. मधला मी. माझ्या एका टोकाला पितळी बकल लावलं, दुसऱ्याला कडी, आणि मला या लाल मातीच्या कोर्टावर जाळीबाईच्या गळ्यात घातलं.

जाळीबाईचा स्वभाव ताठ. दोन खांबांच्या जोरावर तिची मान कायम वर. तिला मधोमध खाली ओढून धरायचं, एवढंच माझं काम. पण सगळा खेळ या एवढ्याशा वाकण्यावर चालतो बरं! जाळी खांबांपाशी उंच आणि माझ्यापाशी ठेंगणी. म्हणून शहाणा खेळाडू आपल्या कोपऱ्यातून पलीकडच्या तिरक्या कोपऱ्यात चेंडू धाडतो. त्याला क्रॉसकोर्ट म्हणतात. तो चेंडू माझ्या डोक्यावरून जातो, आणि तिरकी वाट लांबची असल्याने त्याला पडायला जागाही ऐसपैस मिळते. ज्याच्या अंगात खुमखुमी असते तो कडेची रेघ धरून सरळ मारतो. ते डाउन द लाइन. तिथे जाळी उंच आणि वाट आखूड. जमलं तर टाळ्या, नाहीतर चेंडू जाळीबाईच्या ओच्यात.

माझी चांगली वर्षं गेली ती घड्याळजींच्या सहवासात. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा हा माणूस संध्याकाळी कोर्टावर यायचा, आणि रोज उशिरा यायचा. जाळीपलीकडून त्यांच्याशी खेळायचे ते शेजारच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. ते ओरडायचे, "अहो, एखादं चालू घड्याळ घरी ठेवा की!"

"चालू घड्याळं गिऱ्हाइकांची. आमच्याकडे येतात ती सगळी बंद पडलेली," असं म्हणून घड्याळजी हसत मैदानात उतरायचे.

त्यांचा एक लाडका फटका होता. चेंडू डाव्या हाताला आला की उलट्या हाताचा बॅकहँड मारायचा सोडून ते चेंडूला वळसा घालून आणखी डावीकडे सरकत, आणि सुलट्या हाताच्या फोरहँडने तो तिरका, डॉक्टरांच्या डाव्या कोपऱ्यात भिरकावत. याला इनसाइड-आउट म्हणतात. काय देखणा फटका! एकदा त्याच्या वाऱ्याने डॉक्टरांचा एक दात हलला होता. त्यांनी तो स्वतःच परत बसवला. पण या फटक्यात एक मेख असते. मारणारा पार डाव्या टोकाला जातो आणि त्याची उजवी बाजू उघडी पडते. डॉक्टर शांतपणे तिथे सरळ चेंडू टाकत. मग दोघे हात मिळवायला माझ्यापाशी येत तेव्हा घड्याळजी म्हणत, "आज पुन्हा माझा उजवा कोपरा मोकळा राहिला."

एके दिवशी घड्याळजी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मग डॉक्टरांचंही येणं थांबलं. खेळायला कुणी उरलं नाही, म्हणून माळ्याने जाळी गुंडाळून खोपटात टाकली, आणि तिच्या घडीत मी. बकल काळवंडलं. एक उंदीर माझी चव बघायला आला होता. मी त्याला हत्तीची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे गेला. पण खरं सांगू? अंधारापेक्षा जास्त बोचतं ते कुणी ओढत नसणं. ज्याला ताण नाही, त्या पट्ट्याची चिंधी व्हायला वेळ लागत नाही.

आणि एका दुपारी खोपटाचं दार उघडलं. माळ्याने जाळी बांधली, माझं बकल तेल घालून आवळलं. समोर डॉक्टर उभे होते, केस पिकलेले. त्यांच्या शेजारी एक बाई होत्या. घड्याळजींची बायको.

"सांगा वहिनी," डॉक्टर म्हणाले. "दवाखान्यात लोकांसमोर नको म्हणालात, म्हणून इथे आणलं."

"भावजी, लग्न झाल्यापासून हे रोज जेवताना खेळाचं सांगायचे. मी हं हं करायची. कळत काही नव्हतं हो. शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाले, 'माझा उजवा कोपरा मोकळा राहतो गं, लक्ष ठेव.' मी तेव्हाही हंच म्हटलं."

"मग?"

"मग काय! दुकानाचा उजवा कोपरा उपसला. कपाटामागे निघाली एक झुरळांची वसाहत. घराच्या उजव्या कोपऱ्यात शिवणयंत्र नेऊन ठेवलं. तर लेक म्हणते, 'आई, उजवा म्हणजे घरात शिरताना की बाहेर पडताना?' तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. यांनी माझ्यावर काहीतरी सोपवलं आणि मला ते सापडत नाही."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग हातवारे करून त्यांनी तो फटका, ती तिरकी वाट, तो कोपरा, सगळं समजावलं.

"हं," वहिनी म्हणाल्या.

"हे आत्ता 'हं' केलंत ना, तसंच घरी करायचात?"

वहिनींनी खाली मान घातली.

"मग सांगून उपयोग नाही. उद्या त्याची रॅकेट घेऊन या."

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांचे दात माझ्या हातात आहेत. कुणी काही म्हणणार नाही."

अशी शिकवणी सुरू झाली. पहिले काही दिवस चेंडू माळ्याच्या वांग्यांत जायचे. वहिनी मागची रेघ सोडून चार पावलं आत येऊन उभ्या राहत आणि प्रत्येक चेंडू नेमका त्यांच्या पायांत पडे.

"वहिनी, ती जागा कुणाचीच नाही. नो मॅन्स लँड म्हणतात तिला. एक तर मागे रेघेवर थांबा, नाहीतर सरळ जाळीपाशी या."

"म्हणजे पाहुण्यासारखं दारात घुटमळायचं नाही."

"अगदी!"

हळूहळू चेंडू माझ्यावरून पलीकडे जाऊ लागले. आणि एका संध्याकाळी तो चेंडू आला, डाव्या हाताला. वहिनींनी त्याला वळसा घातला, डावीकडे सरकल्या आणि असा काही तिरका फटका मारला की मला वाटलं, घड्याळजीच आले, उशिरा का होईना. वहिनी आपल्या फटक्याकडे बघतच राहिल्या.

डॉक्टर चेंडूपाशी पोहोचले होते. क्षणभर त्यांचा हात अडखळला, मी पाहिलं. मग त्यांनी सरळ मारला. रेघेला धरून, वहिनींच्या उजव्या कोपऱ्यात.

वहिनींनी मान वळवली. लाल मातीचा तो केवढा मोठा रिकामा तुकडा, आणि त्यात एकटा टप्पा घेत जाणारा चेंडू.

"अगं बाई! हा होय!"

त्या मागच्या रेघेवरच फतकल मारून बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. "शेवटपर्यंत खेळतच होता की हो हा माणूस! आणि मी बापडी कपाटं सरकवतेय!"

डॉक्टर जाळीपाशी आले. त्यांनी हात नेमका माझ्यावर ठेवला. "मी त्याला कितीदा सांगायचो, मारलास की लगेच मधे ये. तो कसला येतोय! स्वतःचा फटका बघत उभा राहायचा. तुमच्यासारखाच."

वहिनी उठल्या, माती झटकली. "टाका पुन्हा तसाच."

चेंडू डावीकडे आला. वळसा, तिरका फटका, आणि या वेळी त्या बघत राहिल्या नाहीत. धावत मधल्या खुणेवर आल्या. डॉक्टरांनी सरळ मारला. वहिनी उजव्या कोपऱ्यात हजर! तिथून त्यांनी क्रॉसकोर्ट मारला, पण दमलेल्या हाताचा. तो खाली, अगदी खाली, थेट माझ्या रोखाने आला. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला आणि जाळीबाईला दोऱ्याभर आणखी खाली ओढलं. चेंडू माझ्या डोक्याला पुसटसा घासून पलीकडे गेला. डॉक्टर होते डाव्या टोकाला. त्यांना तो मिळाला नाही.

"भावजी," धापा टाकत वहिनी म्हणाल्या, "तुमचाही उजवा कोपरा मोकळा राहतो. आता मी आहे लक्ष ठेवायला. उद्या या."

पट्टे असे आपणहून ओढत नाहीत, असं माळी म्हणतो. म्हणू दे. तो तेव्हा वांग्यांत होता.

मित्रांनो, माझी शिवण आता उसवत चालली आहे. खेळून झाल्यावर माझं बकल सैल करा, ओल असेल तर मला उन्हात धरा. आणि घरी जेवताना कुणी आपल्या कामातलं, खेळातलं काही सांगू लागलं आणि ते तुम्हाला कळलं नाही, तर नुसतं हं म्हणू नका. हातातला घास तसाच ठेवून विचारा, "म्हणजे कुठे? दाखव ना."