शिंपीमास्तरांच्या बोटाखालचा देश

मित्रांनो, मी पृथ्वीगोल. जुना, एका अंगाला कललेला आणि आता ठिकठिकाणी पोचे पडलेला. कारखान्यात माझ्या अंगावर कागदी पट्ट्या चिकटवून देश आणि समुद्र बसवले, आणि तिथून मी थेट एका कॉलेजात आलो, आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवणाऱ्या विभागात. तेव्हा माझा थाट काय सांगू! तिथे शिकवणाऱ्या मॅडमच्या टेबलावर मानाची जागा होती माझी.

मॅडमची एक पद्धत होती. पहिल्याच तासाला प्रत्येकाने डोळे मिटून मला फिरवायचं आणि बोट टेकवायचं. बोट ज्या देशावर, तो देश पदवी मिळेपर्यंत त्याचा. तिथले लोक काय विकत घेतात, सौदा करताना घासाघीस करतात की गप्प बसतात, बंदरात माल कशापायी अडतो, सगळं त्यानेच शोधून काढायचं. बोट समुद्रावर पडलं की वर्गात हशा पिकायचा. "घ्या, मासे विका आता!"

एका शिंप्याच्या लेकीचं बोट उत्तरेकडच्या एका चिमुकल्या, थंडगार देशावर पडलं. पोरीने त्या देशाचा असा काही ध्यास घेतला, की शिक्षण संपताच तिथल्याच एका कंपनीने तिला नोकरी दिली.

जाण्याआधी ती वडिलांना माझ्यावरचा तो देश दाखवायला घेऊन आली. तिला आई नव्हती, बापलेक दोघंच एकमेकांना. शिंपीमास्तरांनी चष्मा पुसून डोळे बारीक केले.

"हा एवढासा? अगं, शर्टाच्या बटणाएवढा पण नाही!"

"बाबा, तिकडे बस्तान बसलं की तुम्हाला घेऊन जाते. नक्की."

"चल की. मला कुठे कोणाला विचारायचंय!"

ती गेली, आणि मास्तर अधूनमधून विभागात येऊ लागले. दुपारचं दुकान बंद करून यायचे आणि मॅडमना म्हणायचे, "जरा लेकीला भेटून जातो." मग तो देश बोटाने हळूच कुरवाळत बसायचे. एकदा तर भर उन्हाळ्यात जाड लोकरी कोट घालून आले, घामाने निथळत.

"स्वतःसाठी शिवलाय. बरा दिसतो ना? तिकडे थंडी फार बोचते म्हणे."

"राजबिंडे दिसताय, मास्तर," मॅडम हसल्या. "कधी निघताय?"

"पोरीला जरा सवड होऊ द्या. मोठ्या हुद्द्यावर आहे आता."

फोनवर लेकीचं उत्तर ठरलेलं असायचं, कामाचा हा रेटा ओसरला की नेते. ती खोटं बोलत नव्हती, मित्रांनो. तिला मनापासून तसंच वाटायचं. रेटा मात्र कधी ओसरलाच नाही. इकडे मास्तरांच्या बोटाखाली माझा रंग झिजत चालला. आधी देशाचं नाव गेलं, मग सीमा पुसली, शेवटी नुसता पांढरा कागद राहिला. नवी मुलं विचारायची, "मॅडम, इथला देश कुठे गेला?" मला त्याचा राग आला नाही. सुई टोचून टोचून खरखरीत झालेली ती बोटं मला फार आवडायची.

मग मास्तर यायचे थांबले. भिंतीवर मोठा पडदा आला, त्यावर जग दिसू लागलं, आणि माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. तिथे मी धूळ खात पडलो.

मास्तर वारल्याचं मला लेक आली तेव्हा कळलं. तिला त्यांचं शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नव्हतं. मॅडमनी मला खाली काढलं, पदराने पुसलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"हे कोणी केलं?" तिने पांढऱ्या डागाकडे पाहत विचारलं.

"तुझ्या बाबांनी. तुला भेटायला यायचे ते इथे."

ती मटकन खाली बसली. "मॅडम, जहाजंच्या जहाजं भरून माल मी इकडून तिकडे वेळेवर पोचवते हो. जरा उशीर झाला तर लोकांना फैलावर घेते. आणि माझा एक बाप मला नेता आला नाही."

मॅडम तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि दोघी रडल्या.

मित्रांनो, आमच्या विभागात शिकायला जरूर या. जगभर जा, खूप मोठे व्हा. येता-जाता माझ्यावरची धूळ झटकलीत तर बरं वाटेल, नाही झटकलीत तरी माझी तक्रार नाही. फक्त ज्या कोणाला तुम्ही "घेऊन जाईन" म्हणाला असाल, त्याला आधी न्या. ते माणूस कधीचं तयार होऊन बसलेलं असतं.