होनोराटूची सही

जासिरा साल्वादोरहून आली ती थेट विद्यापीठात, सामानासकट. माझ्या खोलीत शिरली आणि तिने दार लावून घेतलं.

"एदविज, आधी बस."

"काय गं? करार मोडला की काय?"

"करार ठीक आहे. तू बस."

आमच्या आणि तिच्या विद्यापीठाच्या कराराला तीन वर्षं झाली होती. ब्राझीलहून बेनिनला परतलेल्या घराण्यांचा इतिहास दोघांनी मिळून लिहायचा आणि जानेवारीत त्यांच्या साल्वादोरला आणि आमच्या पोर्तो-नोव्होला एकाच दिवशी प्रदर्शन उघडायचं, असं ठरलं होतं. मी या कामात पडले ती घराच्या अभिमानापोटी. माझे खापरपणजोबा होनोराटू सतरा वर्षं बाहियात, म्हणजे साल्वादोरच्याच प्रांतात, गुलाम होते. पिंपं बनवण्याचं काम करून त्यांनी स्वतःला सोडवलं आणि अवजारांची पेटी घेऊन समुद्रापलीकडून परत आले. दर जानेवारीत, ब्राझीलहून सोबत आणलेल्या बोन्फिमच्या सणाला साटुर्निनो काका ही गोष्ट सांगतात, आणि घेवडा-मांसाच्या फेजुआदाची ताटं हातात घेऊन सारं घराणं ऐकत राहतं.

जासिराने एका पत्राचा फोटो माझ्यापुढे ठेवला. साल १८४६. खाली सही. शेवटच्या अक्षराला तीच लांब शेपटी. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर मी ती लहानपणापासून पाहत आलेय.

"होनोराटूंचं पत्र!" मी ओरडलेच. "कुठे मिळालं?"

"वाच."

परत आल्यावर इथूनच, बाहियातल्या एका व्यापाऱ्याला लिहिलं होतं. पंचेचाळीस गाठोडी जमवली. बेचाळीस जहाजावर चढवली. तीन आजारी असल्याने मागे ठेवली.

मला हसू आलं. "गाठोडी आजारी कशी पडतील? म्हातारा काहीतरीच..."

जासिरा हसली नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाठोडी म्हणजे माणसं. मी कागद टेबलावर ठेवला. जो माणूस स्वतः तसल्याच जहाजातून गेला होता, तोच...

"दुसऱ्या कुणाची सही असेल," मी म्हणाले.

"अशी सात पत्रं आहेत, एदविज."

जासिराच्या घरचे लोक याच किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेलेले. पण कोण, कधी, कुठल्या गावचे, हे तिच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.

"तुला माझा राग येतो का?" मी विचारलं.

"आज नको विचारूस," ती म्हणाली. "घरच्यांच्या परवानगीशिवाय पत्र प्रदर्शनात लावता येत नाही, असं करारात आहे. म्हणून आलेय. तू नाही म्हणालीस तर पेटीत बंद करून घेऊन जाईन."

परवानगी मोठ्यांची हवी. आम्ही होनोराटूंनी बांधलेल्या जुन्या घरी, साटुर्निनो काकांकडे गेलो. एक्याऐंशीचे आहेत. जेवत होते. मी पत्र वाचून दाखवलं.

"खोटं आहे!" त्यांनी ताट ढकललं. "पाहुणी म्हणून उंबरा ओलांडू दिला, आणि ही बाई आमच्या बापजाद्यांवर थुंकते?"

"काका, सही बघा."

त्यांनी भिंग मागवलं. बघत राहिले. रागाने फुललेला चेहरा हळूहळू राखेसारखा झाला.

"पोरी," ते मला म्हणाले, "मागच्या कोठीत भिंतीला लोखंडी कड्या आहेत ना?"

"हो. आहेत."

"लहानपणी मी त्यांना शेळी बांधायचो. एकदा वडिलांना विचारलं, या कड्या इतक्या खाली कशाला? त्यांनी कानफटात मारली. का मारली ते आजवर कळलं नव्हतं."

आम्ही तिघं मागे गेलो. कोठीत सणाची मोठी पातेली ठेवलेली होती. ती मीच रचली होती, दरवर्षी रचते. पातेली बाजूला सारली. भिंतीला, घोट्याच्या उंचीवर, एका ओळीत कड्या. मी मोजायला लागले आणि मध्येच मोजणं सोडलं. जासिराने खाली वाकून एका कडीत बोट घातलं, आणि झटका बसल्यासारखं बाहेर काढलं. मग ती अंगणात निघून गेली आणि पेरूच्या झाडाखाली आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

काका दारात तसेच उभे होते. "तिला सांग, लावा पत्र," ते म्हणाले. "आणि सणाला मी गोष्ट सांगणार नाही. तू हेच वाच."

जानेवारीत मी वाचलं. तिसऱ्या ओळीला इझिडोरा आत्या उठली. "दुसऱ्यांच्या देशात जाऊन शिकून आलीस ती हे करायला?" तिच्यामागून निम्मे लोक गेले. उरलेल्यांपैकी कुणी जेवलं नाही. त्याच दिवशी समुद्रापलीकडे जासिराने तेच पत्र भिंतीवर लावलं. लोक उशिरापर्यंत हलत नव्हते, असं तिने फोनवर सांगितलं. आवाज कोरडा होता, पण फोन तिने स्वतःहून केला होता.

आत्या अजून माझ्याशी बोलत नाही. काका मात्र रोज सकाळी कोठीचं दार उघडून ठेवतात. मी अंगणापर्यंत जाते. आत पाऊल टाकवत नाही.