जळबामामांच्या भाच्या

रुपाने भाकरी थापता थापता माझ्या बाबांना सुनावलं, "मामा, आज बी वांगंच? एस्टीत तरी रोज नवं गाव लागायचं तुमाला."

"गाव नवं ऱ्हायचं, बाई. डब्यात वांगंच ऱ्हायचं."

पोरी खिदळल्या. वारंगा फाट्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत दरवर्षी असंच चालायचं. तांड्यावरचे आईबाप ऊसतोडीला गेले, की बाबा त्यांच्या मुली घरी ठेवून घ्यायचे. निवृत्त कंडक्टर, ना संस्था, ना पावतीपुस्तक. मुलींची शाळा सुटत नव्हती, लग्नं लांबत होती. रुपा दहावीत होती. तिच्या आजोबांनी दिवाळीतच मुलगा बघून ठेवला होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शनिवारची शाळा आटोपून जेवायला आले होते. पानं घेण्याआधीच सरकारी जीप दारात थांबली.

बालविकास खात्याचे साहेब सौम्य बोलत होते. वसतिगृह म्हणून नोंदणी करा, नाहीतर मुली ठेवू नका, असं ते आधीही बजावून गेले होते. नोंदणीला वेगळी इमारत हवी, रखवालदार हवा, कॅमेरे हवेत. बाबांजवळ ओसरी होती. नात्यातल्या मुली असतील तर आपलं काही म्हणणं नाही, असं साहेब म्हणाले.

"आमी भाच्याच की मामांच्या," रुपा चुलीपुढून म्हणाली.

"राठोडांची पोरगी, आणि मामा पाईकराव?" साहेब हसले. शिपाईही हसला. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सरकारी नोकरीत आहात. तुम्हीच सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी करपत होती, ती त्यांनी उलटली.

"नात्यातल्या नाहीत," मी म्हणाले.

खरं तेच होतं.

मुलींना त्यांच्या त्यांच्या तांड्यावर, आजी-आजोबांकडे पोचवण्यात आलं. जीपमध्ये चढताना धाकट्या दिपाने मला ताई म्हणून हाक मारली. मी तिचं दप्तर तिच्या हातात दिलं. संध्याकाळी सगळ्यांसाठी केलेली भाजी तशीच उरली होती, तेव्हा बाबा फक्त म्हणाले, "तू तरी जेव."

त्या महिन्यातच ते झोपेत गेले.

बाबांच्या जलदानविधीला भंतेजींनी आधी घरच्यांना फुलं वाहायला बोलावलं. रुपा मांडवाच्या कडेला, चपला काढल्या होत्या तिथे उभी होती. हात ओढणीखाली घेत होती, तरी मेंदी दिसत होती. आत्या तिला म्हणाली, "तू कोन्हाची गं? थांब, आधी घरचे होऊ दे."

मी उठले. रुपाचा मेंदीचा हात हातात घेतला. तिने तो सोडवून घेतला नाही; धरलाही नाही.

"घरचीच आहे, आत्या," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बहीण आहे माझी."