पितळी टोपणाखालचे बटण

मित्रांनो, मी एक जुना गल्ला आहे. लाकडी पेटीचा नव्हे, लोखंडाचा. पुढे बटणांच्या रांगा आणि वर काचेची खिडकी असलेला. बटणे दाबली की खिडकीत आकड्यांच्या पाट्या उभ्या राहतात, घंटा वाजते आणि पोटातला खण धाडकन बाहेर येतो. दोन माणसांना मी उचलवत नाही. आणि मी अजून कुणालाही माफ केलेले नाही, हेही आधीच सांगून टाकतो. क्षमेची गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. त्या काळी एकामागून एक राज्य विक्रीकर बसवत चालले होते. म्हणून कारखान्याने माझ्या आकड्यांच्या शेजारी एक तांबडे बटण बसवले. त्यावर लिहिले होते 'कर'. मग मला आगगाडीत चढवले आणि पाठवले नेमके ओरेगन राज्यात, जिथे असा कर नाही! कोलंबिया नदीच्या मुखाशी कॉर्क लँडिंग नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथे टोइवो लाहती याचे खिळे, दोर, रंग आणि जाळ्यांचे दुकान होते.

टोइवोने पेटारा फोडला, तांबड्या बटणावर बोट ठेवले आणि म्हणाला, "हे कशाला पाठवलंय? आपल्याकडे चिठ्ठीवर किंमत लिहिली की तीच किंमत."

त्याने होड्यांची इंजिने दुरुस्त करणाऱ्याकडून एक पितळी टोपण करून आणले आणि दोन स्क्रू पिळून ते बटणावर कायमचे बसवले. मला बरे वाटले. जे काम आपले नाही ते हाताशी नसलेलेच बरे.

माझ्यावर अक्षरांचीही बटणे होती. दुकानात विक्री करणाऱ्याने आधी आपले अक्षर दाबायचे, मगच खण उघडणार. टोइवोचे टी आणि हेल्वीचे एच. हेल्वी निएमी विशीत कामाला लागली आणि छत्तीस वर्षे माझ्यासमोर उभी राहिली. गिऱ्हाइकाला जी पावती मिळे, तीच ओळ माझ्या आत, कुलूपबंद कप्प्यातल्या दुसऱ्या गुंडाळीवर उमटे. तारीख, अक्षर, रक्कम. त्या कप्प्याची किल्ली टोइवोच्या घड्याळाच्या साखळीला असे. हेल्वीने एकदा विचारले, "आत काय आहे रे?" तर तो म्हणाला, "याचं पोट. कुणाच्या पोटात हात घालू नये." गुंडाळी वर्ष-दीड वर्ष पुरे. ती तो रविवारी, दुकान बंद असताना, एकटाच बदले.

ते दिवस मी विसरलो नाही. गावातली माणसे मुठीत नेमके पैसे घेऊन येत. दोन डॉलर चाळीसचा दोर म्हणजे दोन डॉलर चाळीस, घरूनच मोजून आणलेले. पुलापलीकडे वॉशिंग्टन राज्य. तिकडे कर आहे. तिकडची माणसे आली की मोठी गंमत होई.

"कर धरून किती झाले?"

"चिठ्ठीवर आहेत तेवढेच," हेल्वी सांगे.

"म्हणजे साडेतीन?"

"साडेतीन म्हणजे साडेतीन."

"आणि वर काहीच नाही?"

"वर पाऊस आहे. तो फुकट."

मग खांबाला टेकून उभा असलेला अर्वो तोंड घाली. अर्वो म्हणजे सामन मासे पकडणारा म्हातारा कोळी, दुकानात रोज तासभर उभा. "हसताय काय? इकडे राहायला या, घरपट्टी भरा, मिळकतीवरचा कर भरा, मग हसा! तीन वेळा माझ्या डोळ्यांदेखत हा विक्रीकर मताला टाकला आणि आम्ही तिन्ही वेळा पाडला. एका गाईच्या दोन धारा कशाला काढू द्यायच्या?"

पलीकडची माणसे इकडच्या मोठ्या दुकानांतून कपडे धुण्याची यंत्रेही नेत, कुणाला दिसू नयेत म्हणून वर घोंगडी टाकून. इथून नेलेल्या वस्तूचा कर तिकडे आपणहून भरायचा असतो म्हणतात. भरला, असे सांगणारा एकही माणूस छत्तीस वर्षांत माझ्यासमोर आला नाही. पण हेल्वी जेव्हा "बस्स, एवढेच" म्हणे, तेव्हा त्या माणसांचे चेहरे उजळत. तिला ते बघायला आवडे. मलाही.

मग टोइवो गेला. साखळी त्याच्याबरोबर पुरली, कप्प्याची किल्लीही गेली. मला पुसणारे, माझ्या चाकांच्या दातांना तेल देणारे हात गेले. दुकान आले त्याच्या पुतण्याकडे. ड्वाइट. कॅलिफोर्नियातून आला. तिकडे हरेक वस्तूवर कर. पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या एका बाईने त्याला विचारले, "कर धरून किती?" हेल्वी तेव्हा मागच्या खोलीत रंगाचे डबे लावत होती. ड्वाइट उत्तर देण्याआधी जरा थांबला. त्या थांबण्यातच मला त्याची जात कळली. मित्रांनो, चोराला फार अक्कल लागत नाही. समोरचा स्वतःच खिसा उघडून उभा असला की पुरे.

त्या संध्याकाळी त्याने पेचकस आणला आणि टोइवोचे टोपण उपटून फेकले. ते काउंटरखाली घरंगळत गेले. हेल्वीची नजर तेव्हा अधू झाली होती आणि त्या बटणाकडे ती कधी बघतच नसे, म्हणून तिला कळले नाही.

पुढे त्याची एक रीत ठरली. आधी दुकानाच्या खिडकीतून गाडीची नंबराची पाटी बघायची. ओरेगनची असली तर गुपचूप खरी किंमत. वॉशिंग्टनची असली तर तांबडे बटण. शंभरावर साडेसात. पलीकडचा माणूस जन्मभर कर देत आलेला, पावतीवर 'कर' बघून त्याला काही वाटतच नसे. आणि हा चोर ड्वाइट खोटी विक्री करताना स्वतःचे डी दाबत नसे. तो एच दाबी. हेल्वीचे अक्षर! माझ्याच बटणांनी तो तिच्या नावाची चोरी छापत होता आणि मी घंटा वाजवत होतो. त्या घंटेची मला आजही लाज वाटते.

मे महिन्यात पलीकडून एक पत्र आले, सोबत पावती. 'माझे मेहुणे म्हणतात की तुमच्याकडे कर नाही. मग मी हे तीन डॉलर चाळीस सेंट कुणाला दिले?' ड्वाइटने ते भर दुकानात मोठ्याने वाचले.

"पावतीवर अक्षर कुणाचं आहे?" तो म्हणाला. "एच. काका साधा होता, त्याला छत्तीस वर्षं कळलं नाही. मला दोन महिन्यांत कळलं. म्हातारे, एप्रन काढ आणि नीघ."

"मी ते बटण कधी दाबलं नाही," हेल्वी म्हणाली. "त्यावर टोपण आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. टोपण नव्हते. हेल्वीने एप्रनची गाठ सोडली.

गाव हजार-अकराशे वस्तीचे. बुडालेल्या कोळ्यांच्या बायकांसाठी एक मदतपेटी होती, तिची किल्ली वीस वर्षे हेल्वीच्या गळ्यात. दुसऱ्याच दिवशी अर्वो तिच्या घरी गेला आणि ती किल्ली मागून आणली. मग दुकानात येऊन त्यानेच सांगितले, "दिली बाई गुपचूप. कॉफी विचारली, मी नाही म्हटलं." हेल्वीच्या घरची कॉफी आणि वेलचीचा पाव नाकारणारा त्या गावात आजवर कुणी नव्हता. पैशाची तिला ददात नव्हती. पण तिचे नाव गेले होते, आणि नावाखेरीज तिच्याकडे दुसरे होते काय?

तेव्हा मी ठरवले. ड्वाइटने मला तेल दिले नव्हते, तांबड्या बटणाच्या स्प्रिंगला गंज चढला होता. चढू दिला मी. रोज थोडा थोडा जपून ठेवला.

जूनमध्ये त्याने नवे छोटे यंत्र मागवले आणि मला विकायला काढले. पलीकडून इमोजेन नावाची बाई आली, जुनी यंत्रे घेऊन विकणारी. पांढरी वेणी, कमरेला शंभरेक जुन्या किल्ल्यांचा जुडगा. सौदा चारशे डॉलरला ठरला. अर्वो दोरासाठी दोन चाळीस मुठीत धरून उभा होता. हेल्वी आपला कप आणि बसायची उशी न्यायला आली होती, ती दारातच थांबली. तिला आत ये कुणी म्हटले नाही.

"पावती द्या," इमोजेन म्हणाली.

ड्वाइटने सवयीने खिडकीतून तिच्या गाडीकडे पाहिले. वॉशिंग्टनची पाटी. हात आपोआप चालला. एच. चारशे. आणि तांबडे बटण, तीस.

मी होता नव्हता तेवढा जोर एकवटून दात आवळले.

घंटा वाजली, खण बाहेर आला आणि तिथेच अडकला. खिडकीत तीन पाट्या उभ्या राहिल्या: एच, ३०, कर.

"हे काय?" इमोजेन म्हणाली.

"कर."

"कुणाचा?"

"राज्याचा. सगळीकडे असतो, बाई."

ती इतकी हसली की तिला खिळ्यांच्या पिंपाला धरावे लागले. "अरे शहाण्या, वीस वर्षं मी तो पूल ओलांडतेय. कशाला? तुझं तोंड बघायला? इकडे कर नाही म्हणून येते मी!"

"चुकून दाबलं गेलं. जुनं धूड आहे." त्याने बटण ओढले, बुक्की मारली, खाली लाथ घातली. मार म्हटले. पाट्या जागच्या हलल्या नाहीत.

दारातून हेल्वी हळूच म्हणाली, "एच कुणी दाबलं? मी तर इथे उभी आहे."

इमोजेनने हसणे थांबवले. ती माझ्या बाजूला वाकली, जुडग्यातल्या चार किल्ल्या लावून बघितल्या, पाचवीने कप्पा उघडला. "या बनावटीला आत दुसरी गुंडाळी असते," ती म्हणाली. ड्वाइटच्या तोंडाचे पाणी पळाले. मित्रांनो, तो क्षण मी रोज आठवतो आणि रोज मला तेवढेच सुख होते.

ती वाचू लागली. "तीन एप्रिल, एच, कर. नऊ एप्रिल, एच, कर. दहा एप्रिल, एच, कर, दोनदा. अकरा एप्रिल..."

"थांबा," अर्वो म्हणाला. त्याच्या मुठीतली नाणी खाली पडली. "नऊ एप्रिलला हिचा डोळा कापत होते. पोर्टलंडला. मीच माझ्या गाडीतून नेलं होतं. आठवडाभर होती तिथे."

त्याने टोपी काढली. "हेल्वी, अगं..."

"किल्ली मागायला आलास तेव्हा टोपी डोक्यावर होती तुझ्या," हेल्वी म्हणाली. "आता घाल. सर्दी होईल."

इमोजेन सौदा मोडून निघून गेली, मी तिथेच राहिलो. हेल्वी पोलिसांकडे गेली नाही. तिने गुंडाळी मागून घेतली आणि दुकानाच्या काचेवर आतून, वरपासून खालपर्यंत, वळसे देत चिकटवली. "ही काढलीस तर मग पोलीस," तिने ड्वाइटला सांगितले. सबंध उन्हाळा ती तिथेच होती. पुलावरून गाड्या येऊ लागल्या. जुन्या पावत्या हातात धरलेली माणसे रांगेत उभी राहिली आणि त्याने प्रत्येकाचे पैसे परत केले, माझ्याच खणातून. खण उघडाच अडकला होता ना! गावातल्या एकाही माणसाने त्याच्याकडून खिळासुद्धा घेतला नाही. लोक तासभर गाडी हाकून दुसऱ्या गावाहून दोर आणत. शरदात कोळ्यांच्या संस्थेने ते दुकान मातीमोलाने घेतले आणि हेल्वीला काउंटरवर बसवले. ड्वाइट गेला तेव्हा बाहेर पाऊस होता. त्याला छत्री द्यायला कुणी उठले नाही.

अर्वोने किल्ली परत आणून दिली. ती हेल्वीने घेतली. कॉफी मात्र त्याला तिने अजून विचारलेली नाही, आणि तिचे बरोबर आहे.

आता मी दुकानाच्या खिडकीत बसतो, नवे यंत्र काउंटरवर. काउंटरखाली झाडताना हेल्वीला टोइवोचे पितळी टोपण सापडले. तिने ते बसवून पाहिले. बसेना. बटण खाली दबलेलेच आहे, तांबडी पाटी उभीच आहे. शाळेतली मुले विचारतात, "हे काय लिहिलंय?" मग हेल्वी त्यांना ड्वाइटचे नाव सांगते, आडनावासकट.

परवा इंजिनवाला आला होता. म्हणाला, "एक थेंब तेल घातलं की सुटेल."

"राहू दे," हेल्वी म्हणाली.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची काळजी घ्या. आम्हाला पुसा, गंज खरवडा, दातांना तेल द्या, लाथा घालू नका. माझ्याकडे याल तेव्हा मलाही तेल द्या. घंटा पुन्हा वाजवायची इच्छा आहे मला. सगळ्या बटणांना द्या. त्या एका तांबड्या बटणाला तेवढे देऊ नका.