पंचशीला मॉडेल

लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात पंचशीलाच्या घरी पुण्याहून एक पार्सल आलं. कोंडाआत्या आधी धावली. त्या दिवसांत मोठं खोकं दिसलं की तिला पाण्याच्या बाटल्याच वाटायच्या. निघालं युकुलेले. आत्यानं कपाळाला हात लावला आणि पंचशीलाच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं, तेवढं एकच पाणी त्या दिवशी घरात आलं.

युकुलेले म्हणजे गिटारचं शेंडेफळ म्हणावं असं चार तारांचं वाद्य. मांडी घालून बसलं की मांडीत मावतं. पंचशीला एका खासगी शाळेत लहान पोरांना गाणी शिकवायची. नांदेडच्या दुकानातून आणलेल्या स्वस्तातल्या युकुलेलेवर तिनं आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली आणि ते गाणं मोबाइलवरून गावोगाव फिरलं. ओवीला खेळणं कशाला, म्हणून लातूरच्या शहाण्यांनी नाकं मुरडली. मग पुण्याच्या एका वाद्यं बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला, तेव्हा हेच शहाणे तिला 'आमची पोरगी' म्हणायला लागले. माणसांचं असंच असतं.

कंपनीला तिच्या नावानं विकायचं, तिच्या सहीचं मॉडेल काढायचं होतं. त्यांना सही हवी होती, डोकं नको होतं. पंचशीलानं डोकंही दिलं, तिथूनच सगळं अवघड झालं. साध्या युकुलेलेच्या पोटावर मधोमध गोल भोक असतं आणि आवाज तिथून समोरच्याकडे जातो. तिला ते भोक वरच्या कडेला हवं होतं, वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे. पोट सगळं बंद. चारपैकी दोन तारा एकाच सुरात, एकतारीसारख्या मागं घुमत राहणाऱ्या. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिनं ते सगळं काढून दाखवलं.

"दळणारी बाई आधी सोताला ऐकू यावं म्हणून गाती, सर," ती कंपनीच्या मॅनेजरला, सरपोतदारांना, म्हणाली होती. "पहाटं समोर ऐकायला कोण बसलेलं असतंय?"

सरपोतदार हसले होते. कडेला भोक पाडलं तर लाकूड तिथून तडकतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं असं की कंपनी एकच नमुना बनवून पाठवील, पंचशीलानं रविवारपर्यंत त्यावर गाऊन, जवळून फोटो काढून धाडायचे. नमुना टिकला तर तिचं मॉडेल. तडकला तर नेहमीचं युकुलेले आणि त्यावर तिची सही. म्हणजे नाव तिचं आणि पोट दुसऱ्याचं.

पार्सल आलं त्या रात्री तिनं तो नमुना वाजवला तेव्हा तिचाच आवाज खालून वर येऊन तिच्या कानाशी बसला. आजी जात्याजवळ मांडीवर घेऊन गायची तेव्हा तिचा जसा यायचा, तसाच. आपण पुठ्ठ्यावर काढलेल्या रेघा खऱ्या निघाल्या, याचा तिला इतका आनंद झाला की तिला भीतीच वाटली.

भीती खोटी नव्हती. दोनच दिवसांत भोकाच्या कडेपासून केसाएवढी चीर निघाली. लातूरची हवा त्या उन्हाळ्यात माणसांच्या ओठांना भेगा पाडत होती, तिथं पुण्याच्या पातळ लाकडाची काय कथा! नमुना बनवणाऱ्या कंपनीच्या कारागिराला तिनं लपून फोन केला. तो म्हणाला, "लाकूड कोरडं पडलंय. त्याला ओल द्या, चीर मिटेल. ओला स्पंज जवळ ठेवून झाकून ठेवा."

तिनं वाटीभर पाणी घेतलं आणि आत्यानं मनगट धरलं.

"काय करायलीस?"

"लाकडाला ओल पाहिजे, आत्या."

"माणसाला घोट न्हाई अन् लाकडाला पाजायलीस व्हय? शेजारच्या गुरम्मानं काल लेकराची अंघोळ ओल्या फडक्यानं केली. कुण्या तोंडानं सांडशील हे?"

पंचशीला वाटी परत रांजणात ओतून रडायलाच बसली. आत्याचं खरं होतं. थोड्या वेळानं आत्याच जवळ येऊन बसली. तोंडानं फटकळ, पण भाचीचं रडणं तिला बघवत नसे.

"हौदात लटकव की," ती म्हणाली. "तळाला गुडघाभर बी पाणी न्हाई, पण आत कसं गारगार असतंय. तिथली ओल फुकटची हाय. कुणाच्या बापाचं जात न्हाई."

हौद त्यांच्या अंगणाखाली होता. गल्लीत दुसऱ्या कुणाकडं एवढा मोठा हौद नव्हता, म्हणून टँकर आला की त्यांच्याच हौदात रिकामा व्हायचा आणि मग घराघराला घागरीनं वाटणी व्हायची. पंचशीलानं युकुलेले मऊ धोतराच्या कापडात गुंडाळलं आणि हौदाच्या आतल्या लोखंडी पायरीला नाडीनं बांधलं. सकाळी उघडून पाहिलं तर चीर अर्धी मिटली होती. तिनं आत्याच्या पायांना हात लावला. रविवारच्या सकाळी काढायचं, गायचं, फोटो धाडायचे.

पण रविवारी सकाळीच, ती ते काढायच्या आत, टँकरचा नंबर नसताना टँकर आला.

नंबर मंगळवारचा होता. गल्लीतले म्हातारे सावलीत बसून उदगीर जिल्हा होणार की नाही यावर भांडत होते. "दोन जिल्हे झाल्यावर पाणी डबल येईल व्हय?" असं कुणी म्हणतंय तोवर कोपऱ्यावर हॉर्न वाजला. पुढच्या गल्लीत वाट खोदून ठेवलेली होती, म्हणून ड्रायव्हर इकडं वळला होता. हॉर्न ऐकल्यावर त्या उन्हाळ्यात लातूरच्या माणसाचं डोकं चालत नसे, पाय चालत. पंचशीलाचेही चालले. चुलीवरचा चहा तसाच टाकून ती अंगणात आली, झाकण ओढलं आणि ड्रायव्हरच्या हातातला पाइप स्वतःच हौदात खुपसला. मांडीएवढा जाड पाइप उसळला, तो धरायला गुरम्मा आली, आत्या आली. आत धो धो पाणी पडलं.

मग आतून ठक्क आवाज आला, भिंतीवर लाकूड आपटल्याचा.

 "बंद करा!" ती किंचाळली. "दादा, जरा बंद करा, माझं आत हाय!"

"काय हाय?" ड्रायव्हर वरून ओरडला. "पाइप काढला की म्या निघालो. तिकडं लोक दगडं घेऊन उभी हायत. काढू का? बोला लवकर!"

पाइप आत असेपर्यंत हौदाच्या तोंडातून माणूस उतरू शकत नव्हता. तिनं मागं बघितलं. सगळी गल्ली घागरी, डबे, बादल्या घेऊन उभी होती. गुरम्माचं लेकरू उघडंच, कुणाच्या तरी कडेवर.  आत्यालाही आता कळलं होतं, तिच्या हातातून पाइप सुटत चालला होता. "पोरी, तू म्हण," आत्या म्हणाली. "तू म्हणशील तसं."

पंचशीलानं दोन्ही हातांनी पाइप आवळून धरला. "चालू द्या," ती म्हणाली.

टँकर रिकामा होईपर्यंत ती तशीच धरून उभी होती. आत लाकूड आपटत राहिलं, मग पाणी चढलं तसा आवाज बंद झाला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं कर्म कुणाचं, हे तिनं तरी कुणाला विचारावं?

वाटणी झाल्यावर ती उतरली. युकुलेलेचं पोट पाठीपासून सुटलं होतं, मान लोंबत होती. लाकूड फुगलं होतं आणि भोकाजवळची चीर मात्र दिसेनाशी झाली होती. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

ओल्या कपड्यांनीच तिनं पुण्याला फोन लावला.

"सर, नमुना गेला. पाण्यात बुडाला."

"कुठे बुडाला?"

"घरी. हौदात."

 सरपोतदार हसले, वाईट हेतूनं नव्हे. "पंचशीलाताई, आम्ही पण पेपर वाचतो. लातूरला वाद्य पाण्यात बुडालं? अहो, कुणीतरी विश्वास ठेवील का? सरळ सांगा ना, भोकापासून तडकलं. त्यात लाजायचं काय? मी म्हटलंच होतं तुम्हाला. आपण नेहमीच्या मॉडेलवर तुमची सही छापू."

खरं तेच ती बोलली होती, आणि त्याहून खरं तिच्याजवळ काही नव्हतं. फुटक्या नमुन्याचा फोटो धाडला तरी त्यात पाणी दिसणार नव्हतं, तो सरपोतदारांच्याच बाजूनं साक्ष देणार होता.

"न्हाई," ती म्हणाली. "माझं नाव नका टाकू."

"विचार करा. अशी संधी—"

तिनं फोन ठेवला आणि हुंदका फुटला. कोंडाआत्यानं हौदातल्या पाण्याचा तांब्या भरून तिच्यापुढं धरला. पंचशीलाला नको म्हणायचं होतं. पण सकाळपासून तिच्या पोटात घोट नव्हता, आणि तिनं तो तांब्या घटाघटा रिकामा केला.