अस्वलाच्या पोटातला कापूस

अमरावतीच्या चिंतामणराव वकिलांना दोन गोष्टींचं भारी वेड होतं: पुराव्याचं, आणि सायबाच्या पोरांनी टाकून दिलेल्या भुसा भरलेल्या खेळण्यातल्या जनावरांचं. सत्तेचाळीस साली गोरे अधिकारी चिखलदऱ्याचे बंगले रिकामे करून गेले, तेव्हा लोकांनी लिलावात खुर्च्या-टेबलं घेतली; वकीलसाहेबांनी एक सिंह, दोन हत्ती, एक उंट आणि कान कुरतडलेला ससा घेतला. हा गोतावळा पुढे वाढतच गेला. एकसष्ट साल उजाडलं तेव्हा बैठकीतल्या काचेच्या कपाटात एकवीस जनावरं ऐटीत बसली होती, आणि पक्षकार मात्र ओट्यावर बसत होते.

नुसतं गोळा करून त्यांचं भागत नव्हतं. कोणतं जनावर कोणत्या सालचं हे ठरवण्यात खरी गंमत, असं ते म्हणत. डोळे बुटाच्या बटणांचे असले तर पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, काचेचे असले तर नंतरचं. पोटात लाकडाचा कीस असला तर जुनं. हे सगळं भिंग लावून, लांबूनच. जनावरांना हात लावायची घरात सर्वांना बंदी होती, आणि नियम म्हणजे नियम म्हणून ते स्वतःही लावत नसत. धूळ झटकायचं काम तेवढं चारुशीलाबाईंकडे होतं. बायको बहुधा ‘सर्वां’त धरली जात नसावी.

त्यांचा खरा जीव होता तपकिरी जर्मन अस्वलावर. बटणांचे डोळे, आणि पोटावरची शिवण तर अशी की टाका शोधून सापडू नये. “असा हात आता जर्मनीतही उरला नाही,” हे वाक्य प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळे.

येत्या रविवारी अकोल्याच्या छंद मंडळात ते या अस्वलावर निबंध वाचणार होते. शिवणीवरून अस्वल १९०८ सालचं ठरतं, असा निष्कर्ष त्यांनी खाली सही ठोकून लिहिला होता. वकिली त्यांची यथातथाच. बाररूममध्ये ते बोलायला लागले की लोकांना घड्याळं आठवत. आयुष्यात एकदा तरी चार शहाण्या माणसांनी आपलं म्हणणं मान्य करावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

शुक्रवारी चांदूर बाजारहून त्यांचे शेतकरी पक्षकार नत्थुजी आणि त्यांची बायको दुर्गाबाई आली. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, दाव्यात दुर्गाबाईची साक्ष व्हायची होती. वकीलसाहेबांनी तिला तासभर पढवलं, “डोळ्यानं पाहिलं, हातानं चाचपलं, तेवढंच सांगायचं.” मग खुशीत येऊन त्यांनी प्रवासासाठी चारुशीलाबाईंकरवी टेबलावर काढून ठेवलेलं अस्वल दाखवलं.

“याच्या पोटात लाकडाचा कीस आहे, दुर्गाबाई. त्रेपन्न वर्षांपूर्वीचा!”

कोणी नको म्हणायच्या आत दुर्गाबाईनं अस्वलाचं पोट दाबलं. दाबल्यावर शिवणीतून डोकावलेला पांढरा पुंजका चिमटीत धरून ओढला, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणला आणि उजेडाकडे धरला. कापूस पारखायची वऱ्हाडात हीच रीत.

“वकीलसायेब, कीस कायचा? कापूस हाये हा. अन् आमच्या वावरातला हाये.”

“काहीतरीच काय!”

“काहीतरी काहून? धागा पाहा ना किती लांब हाये! अकोल्याहून नवं बी आनून चार वर्सं झाली. त्याच्या आंधी आमच्या गावात असा कापूस कोनाच्या बापानं पाह्यला नव्हता. दरसाल वातींसाठी तुमच्या बाईले आनून देतो का नाई आमी?”

“नत्थुजी, समजावा हिला.”

“म्या काय समजावू? तुमीच तं सांगतलं, हातानं चाचपलं तेवढं सांग म्हनून. सांगून राह्यली थे.”

नवरा-बायको गेल्यावर चिंतामणरावांनी आत हाक मारली. चारुशीलाबाई पदराला हात पुसत आल्या, आणि टेबलावरचा पुंजका पाहून सगळं समजल्या.

“तीन वर्षांमागं संक्रांतीला उंदरांनी पोट फोडलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नागपूरला गेला होतात. सांगितलं असतं तर दोन दिवस जेवला नसता. म्हणून कापूस भरला नि शिवून टाकलं.”

“एवढं एकच ना?”

चारुशीलाबाईंनी कपाटाकडे पाहून मनातल्या मनात मोजलं. “उंट सोडून,” त्या म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी कपाटातल्या एकेका पोटाकडे पाहिलं.

“अगं, मग नंतर तरी सांगायचं! मी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या टाक्याचं...”

“म्हणूनच नाही सांगितलं.” त्यांनी अस्वलाचं पोट पुन्हा सारखं केलं. “तेवीस वर्षांत माझ्या हातचं काही चांगलं झालं, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. पाहुणे आले की तुम्ही त्या शिवणीचं कौतुक करायचात, आणि मी दाराआड उभी राहून ऐकायची. सांगितलं असतं, तर तेही बंद पडलं असतं.”

चिंतामणरावांना फार लाज वाटली, आणि ती अस्वलापायी नव्हती. शनिवारी त्यांनी दोनदा निबंध फाडायला घेतला. दुसऱ्यांदा चारुशीलाबाईंनीच तो हातातून काढून घेतला.

रविवारी दोघं एस.टी.नं अकोल्याला गेली. निबंध सुरू झाला. बटणांच्या डोळ्यांच्या मुद्द्यापाशी सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वकीलसाहेब थांबले, घसा खाकरला आणि म्हणाले, “पोट मात्र एकोणीसशे अठ्ठावन्न सालचं आहे. माझा निष्कर्ष चुकला.”

“म्हणजे अंगरखा सायबाचा आणि पोट आपल्या वऱ्हाडाचं!” अध्यक्ष भगवंतराव म्हणाले, आणि सभा खो खो हसली. चिंतामणरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण शिवणीचा परिच्छेद त्यांनी जसाच्या तसा वाचला, जर्मनीसकट.

“कारागीर कोण?” भगवंतरावांनी विचारलं.

“माझं कुटुंब. मागच्या रांगेत बसलंय.”

सगळी सभा मागे वळली. चारुशीलाबाईंना कुठं पाहावं कळेना. त्या हसल्याही आणि त्यांनी डोळेही पुसले.

परतीच्या गाडीत अस्वल चारुशीलाबाईंच्या मांडीवर होतं. मूर्तिजापूर गेल्यावर वकीलसाहेब मोठ्या कष्टानं म्हणाले, “कालची वांग्याची भाजीही झकास झाली होती हो.”

“काल शनिवार. साबुदाण्याची खिचडी होती,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “पण म्हणत राहा तुम्ही. होईल सवय.”